दिव्याच्या आतला पावसाळा

मोटारीच्या दिव्यात जमणाऱ्या ओलाव्याचे मुख्य प्रकार दोन. एक, जो आपला आपण जातो. आणि दुसरा, जो पहिल्याला घालवण्याच्या खटपटीतून येतो. दिवा खरोखरच तडकून आत पाणी शिरणे हा तिसरा प्रकारही आहे. पण त्यात कारण डोळ्यांना दिसत असल्यामुळे कोणाला मत देता येत नाही, आणि म्हणून तो फारसा लोकप्रिय नाही.

पहिल्या प्रकाराचे दर्शन बहुधा जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते. रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो. गाडीचा मालक सकाळी छत्री मिटत पार्किंगमध्ये येतो आणि डाव्या हेडलाइटच्या काचेच्या कोपऱ्यात त्याला पांढुरकी वाफ धरलेली दिसते. तो बोट फिरवतो. वाफ हलत नाही. रुमालाने पुसतो. तरी हलत नाही. ती आतून आहे हे मान्य करण्यापूर्वी प्रत्येक मालक काच निदान दोनदा बाहेरून पुसतो. त्यानंतर तो उजवा दिवा पाहतो. उजवा स्वच्छ असेल तर संताप दुप्पट होतो. दोन्हींत वाफ असती तर हवामानाला दोष देऊन मोकळे होता आले असते. एकातच असल्यामुळे आता कंपनी, शोरूम, गाडी धुणारा पोऱ्या आणि मागच्या महिन्यात गाडी नेणारा मेहुणा यांपैकी कोणावर तरी ठपका ठेवणे भाग असते. मेहुण्याचे नाव बहुधा मनातल्या मनातच राहते.

वस्तुतः एकाच दिव्यात वाफ धरायला कोणाचा अपराध लागत नाही. रात्री मोकळ्या आकाशाखाली असलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडून आडोशाच्या वस्तूपेक्षा जास्त थंड होते. भिंतीलगत उभ्या केलेल्या गाडीचा एक दिवा आडोशाला असतो, दुसरा उघड्यावर. एकाच्या मागे बॅटरी असते, दुसऱ्याच्या मागे मोकळी जागा. एकावर वारा येतो, दुसऱ्यावर नाही. दोघांचे तापमान एक-दोन अंशांनी वेगळे पडायला एवढे पुरते, आणि दवबिंदू गाठायचा की नाही हे त्या एक-दोन अंशांवरच ठरते. वाफ खालच्या कोपऱ्यातच का धरते, यालाही कारण आहे. तो कोपरा बल्बपासून सर्वांत दूर असतो, आणि दिव्यातली तापलेली हवा वर चढून फिरते तेव्हा तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

एकंदर पाणी किती, याचा हिशेब कोणी करत नाही, कारण केला तर दुःख कमी होण्याची भीती असते. 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी बाष्परूपाने मावते. 20 अंशांना जेमतेम 17 ग्रॅम. मधले 13 ग्रॅम हवेला सोडून द्यावे लागतात. दिव्यात पाच लिटर हवा धरली, तर तिने सोडलेले पाणी भरते 0.065 ग्रॅम. ड्रॉपरने मोजले तर दीड थेंबाच्या आत. या दीड थेंबापायी दर पावसाळ्यात किती अर्धे दिवस रजा टाकली जाते, याची मोजदाद अजून कोणत्याही खात्याने हाती घेतलेली नाही.

थेंब दीडच असला तरी तो काचेवर हजारो बारीक ठिपक्यांत वाटला जातो आणि प्रत्येक ठिपका प्रकाश मन मानेल तिकडे फेकतो, म्हणून संकट मोठे दिसते. कंपन्यांनी यावर शोधलेला उपाय फार मार्मिक आहे. बऱ्याच दिव्यांत काचेला आतून एक पारदर्शक लेप दिलेला असतो. तो ओलावा अडवत नाही, सुकवतही नाही; पाण्याचे ठिपके होऊ न देता त्याला सपाट पसरवतो, एवढेच. पाणी तेवढेच राहते, फक्त दिसत नाही, आणि मालक सुखाने कामावर जातो. मानसशास्त्राचा इतका स्वस्त वापर अभियांत्रिकीत दुसरीकडे क्वचितच आढळेल.

दिवा हवाबंदच का करत नाहीत, हा प्रश्न पार्किंगमधल्या चर्चेत पहिल्या पाच मिनिटांतच निघतो. उत्तर असे, की एके काळी करत होते. अमेरिकेत 1940 पासून मोटारींना ठरावीक मापाचे, 7 इंची, गोल सीलबंद दिवे बसू लागले आणि पुढे मापे-आकार बदलले तरी कित्येक दशके नियमाने सीलबंद दिवेच चालत राहिले. तार, रिफ्लेक्टर आणि काच मिळून एकच बंद भांडे. बाहेरची हवाच आत येत नाही तर वाफ धरणार कुठून? तार तुटली की अख्खा दिवा काढून टाकायचा आणि तसाच दुसरा आणायचा. 1983 मध्ये तिथल्या नियमांनी बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना मुभा दिली आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर तसला दिवा झळकला. युरोपात बल्ब आधीपासूनच सुटा होता. मग हळूहळू सगळीकडेच दिव्याने गोलाई सोडली. तो तिरपा झाला, लांबट झाला, बॉनेटवर चढला, भुवई उंचावून समोरच्याकडे पाहू लागला. काच जाऊन पॉलिकार्बोनेट आले, मागचे भांडे पॉलिप्रॉपिलीनचे झाले आणि दोन्ही बहुधा ब्युटाइलच्या काळ्या चिकट पट्टीने जोडली जाऊ लागली. देखणेपण वाढले, त्याबरोबर सांधेही वाढले.

आता अशा भांड्याचे तोंड घट्ट बंद करून आत 55 वॉटचा हॅलोजन पेटवला, तर हवा तापते. 30 अंशांवरून ती 60 वर गेली तर सुमारे दहा टक्क्यांनी फुगू पाहते, म्हणजे पाच लिटरमागे अर्धा लिटर. फुगायला जागा नसेल तर दाब वाढतो. अर्धा मीटर लांब आणि वीतभर रुंद काचेवर या जादा दाबाचा जोर शंभर किलोच्या आसपास भरतो. घरातले सर्वांत वजनदार काका दिव्यात शिरून काचेला पाठ लावून रेटत आहेत असे समजावे. रोज संध्याकाळी असा रेटा बसू लागल्यावर चिकट पट्टी फार काळ इमान राखत नाही. म्हणून दिव्याला मुद्दाम छिद्रे ठेवतात. मालकाला जी चूक वाटते ती नकाशातच असते.

ही छिद्रे दिव्याच्या पाठीमागे असतात. साध्या दिव्यांत खाली तोंड करून वाकवलेली रबराची छोटी नळी असते, तर कुठे स्पंजाचा तुकडा भरलेले टोपण. महाग दिव्यांत छिद्रावर नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली दिसते. ती ज्या पदार्थाची असते, तो 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांच्या हाती लागला तो अभ्यासाने कमी आणि वैतागाने जास्त. पीटीएफई, म्हणजे तव्याला अन्न चिकटू न देणारा तोच पदार्थ, तापवून त्याची कांडी ते हळूहळू ताणून पाहत होते आणि ती दरवेळी तुटत होती. अखेर चिडून त्यांनी एक जोरदार हिसका दिला, आणि कांडी तुटायची सोडून कित्येक पट लांबली. ताणलेल्या पदार्थात इतकी सूक्ष्म छिद्रे पडली होती की त्यांतून हवा आणि वाफ ये-जा करते, पण पाण्याचा थेंब शिरत नाही. पावसाळी जॅकेटांत तो गेला, दिव्यांतही गेला. वैतागून हिसका देण्याची परंपरा आपल्याकडच्या गॅरेजांतही चांगली जुनी आहे. मात्र तिच्यातून आजवर बहुतेक क्लिपाच तुटल्या आहेत.

छिद्रांतून हवा बाहेर जाते तोवर सगळे ठीक असते. अडचण येते ती परत आत येताना. घाटातून रात्री उतरलेल्या गाडीचे दिवे चांगले तापलेले असतात. पायथ्याशी पावसाची सर गाठते, काच एकदम गार पडते, आतली हवा आकसते आणि रिकामी झालेली जागा भरायला दिवा बाहेरची हवा ओढतो. त्या वेळी बाहेर असते ती जुलै महिन्यातली हवा. मुंबईला चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, महाबळेश्वरला पाच हजारांहून जास्त. तिथे दिव्याने कोरडी हवा आणायची तरी कुठून? सखल रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून मोठ्या आत्मविश्वासाने गाडी काढणाऱ्यांच्या दिव्यांची स्थिती याहून बिकट. तापलेला दिवा पाण्यात बुडला की तो हवा ओढायला जातो आणि ओढतो पाणी. पलीकडे पोचलेला मालक इंजिन बंद पडले नाही म्हणून मित्रांना फोन करत असतो, तेव्हा फॉगलॅम्प अर्धा भरलेला असतो. धुक्यात वाट दिसावी म्हणून जादा पैसे देऊन घेतलेल्या या दिव्यातच सर्वांत आधी धुके साचते, कारण बंपरमध्ये खाली बसवलेला असल्यामुळे रस्त्यावरचे प्रत्येक डबके पहिली भेट त्यालाच देते.

हवेखेरीज ओलाव्याची आणखी एक साठवण असते आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पॉलिकार्बोनेट स्वतःच्या वजनाच्या हजारात एक ते दीड भाग पाणी मुरवून ठेवते. अर्धा किलो वजनाच्या काचेत अशा रीतीने अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी सहज दडलेले असते, म्हणजे आतल्या सगळ्या हवेत असते त्याच्या कितीतरी पट. दिवा तापला की प्लास्टिक हे पाणी हळूहळू सोडते आणि ते नेमके गार कोपऱ्यात जाऊन धरते. बाहेर आठवडाभर पाऊस नसताना, डिसेंबरातल्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या सकाळी दिव्यात वाफ कुठून आली, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा यातच असते. त्या वेळी मालकाचा संशय गाडी धुणाऱ्या पोऱ्यावरच असतो, हे सांगायला नकोच.

एलईडी आल्यापासून तक्रारी वाढल्या, यात नवल नाही. हॅलोजन बल्ब ही मुळात एक छोटी शेगडी असून ती जाता जाता थोडा उजेडही देते. तिची धग सरळ समोरच्या काचेवर जाते आणि वाफ दहा-पंधरा मिनिटांत उडते. एलईडीचा उजेड पुढे जातो पण उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांकडे जाते. पुढची काच गारच राहते. वीज वाचली, वाफ राहिली. बर्फाच्या देशांत तर अशा काचेवर बर्फ वितळेना, म्हणून काही दिव्यांत काच तापवण्यासाठी वेगळ्या तारा घालण्याची वेळ आली, म्हणजे वाचवलेल्या विजेतली काही शेगडीकडे परत गेली.

दुचाकींच्या बाबतीत सरकारने नकळत एक उपकार केला. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि बंद करता येत नाही. हेतू अपघात टाळण्याचा, पण दिवा दिवसभर कोमट राहून कोरडा राहतो हा वरचा फायदा. समोरून येणारे परोपकारी लोक मात्र अजूनही भर दुपारी हाताचा पंजा उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ असे कळवतात. त्यांना थांबून नियम समजावणारा दुचाकीस्वार अजून पाहण्यात नाही. सगळेच नम्रपणे मान डोलावून पुढे जातात.

येथवर निसर्गाचे काम झाले. यापुढे माणूस हातात स्क्रू ड्रायव्हर घेतो.

दिव्याच्या रोगाचे निदान सोसायटीच्या पार्किंगमध्ये सामुदायिक पद्धतीने होते. एकजण वाकून पाहतो आणि “सील गेलंय याचं” असा निकाल देतो. दुसरा म्हणतो, “आमच्या जुन्या गाडीला बारा वर्षांत असं कधी झालं नाही हो.” त्या जुन्या गाडीचे दिवे इतके पिवळे पडलेले असत की आत वाफ होती की मासे होते हे कळण्याची सोय नव्हती, हे तेव्हा कोणी बोलत नाही. तिसरा टूथपेस्ट सुचवतो. टूथपेस्ट काचेच्या बाहेरच्या पिवळेपणावर थोडी चालते, कारण ती पृष्ठभाग घासते. आतल्या वाफेशी तिचा काडीचा संबंध नाही. तरीही दिव्याच्या कोणत्याही दुखण्यावर ती सुचवली जाते, आणि पुष्कळदा लावलीही जाते. भिजलेला मोबाइल तांदळात पुरून ठेवणारे चौथे गृहस्थ दिवाही तांदळात ठेवावा असे सांगतात. एवढ्या मोठ्या दिव्याला किती किलो लागतील आणि ते नंतर शिजवायचे का, यावर गाडी नसलेले शेजारीही चर्चेत उतरतात. तांदूळ ओलावा ओढण्यात फारसा वाकबगार नाही, हे तिथे सांगून उपयोग नसतो.

सर्वांत विनाशक उपाय सिलिकॉनचा. हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणून दिव्याच्या कडेने, मागून, वरून, जिथे फट दिसेल तिथे ती पिळली जाते. उत्साहाच्या भरात श्वासाची नळीही बंद होते, कारण ती फटीसारखीच दिसते. आत अडकलेला ओलावा आता कायमचा भाडेकरू होतो. एवढ्यावरही भागत नाही. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर टाकते. रिफ्लेक्टरवरचा चांदीसारखा मुलामा म्हणजे ॲल्युमिनियमचा एक थर, जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. बंद भांड्यात आंबट वाफ कोंडली की हा मुलामा काळपटतो, धुरकटतो. आधी वाफ असूनही उजेड पडत होता. आता वाफही आहे आणि उजेडही नाही. सिलिकॉन वापरणे भागच असेल तर वास न येणारे, न्यूट्रल जातीचे घ्यावे आणि ते फक्त सापडलेल्या तड्यावर लावावे. लावलेले काढायला मात्र ते लावायला लागलेल्या वेळाच्या दहापट वेळ लागतो.

दुसरा पंथ भोके पाडणाऱ्यांचा. त्याचे तत्त्वज्ञान सिलिकॉनवाल्यांच्या नेमके उलट: आत आलेले पाणी बाहेर जायला वाट हवी, सबब दिव्याच्या तळाला ड्रिलने एक भोक. पाणी जाते, हे खरे आहे. मग त्याच वाटेने धूळ येते, चाकाने उडवलेला चिखल येतो, मुंग्या येतात, आणि एखादी लहान पाल उबेला येऊन मुक्काम करते. रात्री अपर लावल्यावर समोरच्या भिंतीवर पालीची मोठी सावली पडते आणि मुले खूश होतात. वॉरंटी मात्र ड्रिलचे टोक आरपार गेले त्या क्षणी संपलेली असते.

रिफ्लेक्टर आतून पुसण्याचा मोह हा वेगळ्याच कोटीतला अपराध. बल्बच्या भोकातून काडीला कापूस किंवा जुनी बनियन गुंडाळून आत घातली जाते. वाफ पुसली जाते, तिच्याबरोबर ॲल्युमिनियमही पुसले जाते आणि काडीच्या फटकाऱ्यांचा एक चट्टा आत कायमचा उमटतो. हा मुलामा निर्वात पोकळीत चढवलेला असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तो पुन्हा चढत नाही.

चौथा मार्ग शूरांचा. दिवा गाडीतून काढायचा, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास ठेवायचा, ब्युटाइल मऊ झाले की काच उचकटायची, आत सुकवून पुन्हा जोडायची. ब्युटाइलच्या दिव्यांत हे जमते. ज्यांच्या सांध्याला पॉलियुरेथेन वापरलेले असते, त्यांत काच फुटते पण सांधा सुटत नाही. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या सुमारास वितळते, आणि घरच्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा व आतले तापमान यांत सहसा मतभेद असतात. दिवा वाचो न वाचो, पुढच्या केकला दिव्याचा वास येतो आणि मग गाडीचा प्रश्न घराचा होतो.

हे सगळे उपाय मनापासून, गाडीवरच्या प्रेमाने केलेले असतात. परंतु पाणी शिरण्याचे एक फार नेहमीचे कारण प्रेमातही नसते, हौसेत असते. ॲक्सेसरीजच्या दुकानातून पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणला जातो. त्याच्या पाठीला पंखा असतो आणि तो पंखा दिव्याच्या मागच्या रबरी किंवा प्लास्टिकच्या झाकणात मावत नाही. बसवणारा कारागीर झाकण काढून ठेवतो आणि म्हणतो, “त्याची गरज नाही, साहेब.” झाकण डिकीत, स्टेपनीशेजारी जाते आणि तिथे वर्षानुवर्षे अगदी कोरडे राहते. दिव्याला मात्र आता मुठीएवढे उघडे तोंड पडलेले असते. पुढच्या पावसाळ्यात मालक पुढची काच निरखत बसतो, सील, सांधा, कंपनी यांना नावे ठेवतो. मागे हात घालून पाहायचे कोणालाच सुचत नाही. कोणत्याही दिव्याची तपासणी त्या झाकणापासून सुरू केली तर पार्किंगमधल्या निम्म्या सभा सुरू होण्याआधीच बरखास्त होतील.

यानंतर येते सर्व्हिस सेंटर. वाफेचा स्वभाव असा की ती सकाळी सातला असते आणि गाडी अकराला सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत ऊन, इंजिनाची धग आणि वाहता वारा यांनी साफ नाहीशी होते. म्हणून मालक मोबाइलमध्ये फोटो काढून नेतो. ॲडव्हायझर फोटो मन लावून पाहतो, मग दिवा पाहतो, मग मालकाच्या पुस्तिकेतले ते पान उघडतो. पाऊस, धुणे किंवा थंडी यांमुळे दिव्यात तात्पुरती वाफ धरू शकते आणि दिवे लावून ठेवल्यास ती जाते, हा दोष नव्हे, अशा अर्थाचा मजकूर बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत असतो. गाडी घेताना ते पान कोणीच वाचलेले नसते. आठवडाभर पायपीट करून आलेल्या माणसाला ‘हे नॉर्मल आहे’ हे वाक्य सहन होत नाही, हे समजण्याजोगे आहे. पण ॲडव्हायझर या एका बाबतीत बहुधा खरे बोलत असतो. त्याच्या बाकीच्या बिलावर हा निष्कर्ष लागू करू नये.

खरा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. बारीक, धुरकट वाफ असून अर्धा-एक तास दिवा लावल्यावर किंवा गाडी चालवल्यावर ती कमी होत गेली, तर तिला काही करू नये. उलट काचेवर मोठे थेंब ओघळत असतील, तळाला पाणी डुचमळत असेल, किंवा दिवसांमागून दिवस वाफ हलतच नसेल, तर पाणी शिरते आहे. तशा दिव्याकडे दुर्लक्ष करणे महाग पडते: होल्डरच्या पितळेवर हिरवट थर चढतो, जोड सैल होतात, पाण्यातून विखुरलेला डिपरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या दिव्यातले पाणी तर जास्तच घातकी, कारण ते चालवणाऱ्याला दिसत नाही. ब्रेकलाइट बंद पडल्याचे मागचा माणूस आधी हॉर्नने आणि मग बंपरने कळवतो. इंडिकेटरचा बल्ब गेला तर निदान डॅशबोर्डवरचा बाण घाईघाईने टकटक करू लागतो. तोही बिघडलेला फ्लॅशर समजून बरेच जण महिनोन्महिने तसाच चालवतात. हॅचबॅकच्या टेललाइटमागचे रबर सुटले तर पाणी दिव्यात न थांबता सरळ डिकीत उतरते. वर सांगितलेले झाकण तेव्हाच पहिल्यांदा भिजते.

सुकवण्याची रीत फार साधी आहे, आणि तिच्यात हिरोगिरीला वाव नसल्यामुळेच ती मागे पडली असावी. दिवा बंद करून गार होऊ द्यावा, मागचे झाकण आणि बल्ब काढावा, हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. भोक उघडे ठेवून गाडी काही तास कडक उन्हात उभी करावी. ऊन नसेल तर हेअर ड्रायर मंद आचेवर, थोडा लांब धरून, मागच्या भोकातून चालवावा. हीट गन चालवू नये, तिने पॉलिकार्बोनेट वाकते. मग कारण शोधावे. झाकण आहे का, त्याचे रबर नीट बसले आहे का, बल्बची रिंग वेडीवाकडी आहे का, श्वासाची नळी निखळली आहे की चिखलाने बुजली आहे, एवढे पाहिले की बहुतेक शोध तिथेच संपतो. काहीच सापडले नाही तर दिवा काढून, भोके बंद करून, अगदी हलका हवेचा दाब द्यावा आणि कडेने साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा निघेल तिथे तडा. दाब तोंडाने फुंकण्याइतकाच हवा; पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे केल्यास सर्व ठिकाणी बुडबुडे येतात.

सिलिका जेलची पुडी आत टाकण्याची चाल बरीच पसरली आहे. काही दिव्यांत ती कारखान्यातूनच येते, आणि दिवा चांगला बंद असेल तर उपयोगीही पडते. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडे वर पाणी ओढून घेते. झाकण नसलेल्या दिव्यात दहा ग्रॅमची पुडी टाकणे म्हणजे कोकण किनाऱ्यावरची सगळी हवा सुकवण्याचे कंत्राट त्या पुडीला देणे होय. ती दोन-चार दिवसांत भिजते आणि त्यानंतर दिवा तापला की प्यालेले पाणी परत करू लागते. बुटांच्या खोक्यातली पुडी टाकणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की ती सुटून रिफ्लेक्टरवर पडणार नाही.

टाळण्याजोगी गोष्ट एकच, पण ती टाळण्याची कोणाची तयारी नसते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी दिव्याच्या कडेला अगदी टेकवून मारली की चिखल छान निघतो आणि मालकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. बाजारात येणाऱ्या दिव्यांची धूळ, पाणी आणि थरथर यांत चाचणी होते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत मोटारींच्या दिव्यांची परीक्षा होत आली आहे. मात्र नुकत्याच तापलेल्या दिव्यावर चार बोटांवरून गार पाण्याचा झोत सोडणे, आणि तेही कोपऱ्यात थोडे जास्त मारण्याचा आग्रह धरून, हे कोणत्याही दिव्याला झेपत नाही. धुणाऱ्याला नळी हातभर लांब धरायला सांगावी आणि दिवे आधी गार होऊ द्यावेत. पोऱ्या हसेल, हसू द्यावे.

दिवा अखेर बदलायचाच ठरला, तर खर्च काही हजारांपासून सुरू होतो आणि महागड्या गाड्यांच्या एलईडी दिव्यांत लाखाच्या पुढे जातो. त्याआधी डिकीतले झाकण एकदा शोधून बसवून पाहावे, कारण नव्या दिव्यालाही मागे तीच छिद्रे असतात, आणि त्यातही वाफ धरते.